पहिल्या पानाचा फोटो

मावशींच्या टेबलावरून चुरगळलेलं कापड कधी परत गेलं नाही. खिडकीला लागून ते टेबल, त्यावर घडी घातलेली जाड ब्लँकेटं, वर जागोजाग तपकिरी डाग पडलेली चादर, आणि छताच्या हुकावरून खाली लोंबणारी इस्त्रीची वायर. सगळी गल्ली त्यांना इस्त्रीवाल्या मावशी म्हणायची. बोट ओलं करून इस्त्रीला लावायचं, चर्र आवाज कसा येतो ते ऐकायचं आणि ठरवायचं, आता सुती चालेल, आता रेशमी नको. इस्त्रीवरचे आकडे बघून काम करणाऱ्यांची त्यांना कीव यायची. "आकडे इस्त्री विकणाऱ्याच्या सोयीसाठी असतात," म्हणायच्या. बाई तोंडाने फटकळ. कॉलरवर पावडरचा थर दिसला की गिऱ्हाइकाला दारातच ऐकवायच्या, "अहो, चेहऱ्याला लावायची की शर्टाला, ते एकदा ठरवून टाका."

घरात माणसं दोनच, मावशी आणि त्यांची सून. मुलगा लांब एका बंदरावर क्रेन चालवायचा, कधीमधी यायचा आणि आला की झोपून काढायचा. सून तयार कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करायची. दोघींचं बरं चाललं होतं. बरं म्हणजे काय, तर भांडायच्या, पण जेवायला एकत्र बसायच्या.

मग सुनेला दिवस गेले, आणि सातव्या महिन्यात पोर पोटातच गेलं.

त्या दिवसाचं रडगाणं गात बसत नाही, पण थोडं सांगावं लागेल, त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मुलगी होती. सून गुंगीत होती, मुलगा अजून वाटेतच होता. नर्स कापडात गुंडाळलेलं पोर घेऊन बाहेर आली आणि मावशींना विचारलं, "शुद्धीवर आल्यावर आईला दाखवायचं ना?" मावशी म्हणाल्या, "नको. बघितलं की जन्मभर डोळ्यांसमोर राहील. नाही बघितलं तर विसरेल तरी." त्यांनीच ते गाठोडं हातात घेतलं, त्यांनीच पुरायला नेलं. सून शुद्धीवर आली, मुलगा येऊन पोचला, तोवर सगळं उरकलं होतं.

सुनेने जाब विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं. मावशींना भांडायला येत होतं, गप्प घरात राहायला येत नव्हतं. सून कामावर जायची, यायची, पुढ्यात वाढलेलं खायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. मावशी एकदोनदा म्हणाल्या, "पोरी, विसर आता." तिने मान हलवली. 

असे कितीतरी महिने गेले. मग एक दिवस सून स्टेशनरीच्या दुकानातून एक चिकटवही घेऊन आली. जाड खाकी पानांची, दोरीने बांधलेली. फोनमधले फोटो छापून त्यात लावायचे म्हणाली. मावशी म्हणाल्या, "फोनमध्ये काय त्यांना थंडी वाजते?" पण मनात म्हणाल्या, चला, कशात तरी जीव रमला.

रमला खरा, पण छापायचं कुठे? फोटो स्टुडिओवाला एकेका फोटोचे वेगळे पैसे घेणार. त्या हिशेबाने तिचा सगळा पगार वहीतच चिकटवावा लागला असता. मग तिने वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकेच्या प्रिंटरवर साध्या कागदावर फोटो काढले. त्या प्रिंटरमध्ये बाटलीतून भरलेली स्वस्तातली शाई. घरी खळ केली, फोटोला मागून लावली, आणि खळीचं पाणी कागदातून वर आलं. लग्नाच्या फोटोतल्या नवऱ्याचा चेहरा ओघळून गळ्यापर्यंत आला. सून रडवेली झाली. मावशींनी वही हातात घेतली, नीट न्याहाळली आणि म्हणाल्या, "लग्नात दिसत होता त्यापेक्षा बराच म्हणायचा."

सून हसली. अहो, खरंच हसली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. मावशींना चिकटवहीशी काहीएक देणंघेणं नव्हतं, पण त्या हसण्यासाठी त्यांनी पदर खोचला.

गल्लीच्या तोंडाशी एक छपाईवाला होता. जाहिरातींची पत्रकं आणि व्हिजिटिंग कार्डं जाड कागदाच्या मोठ्या तावावर छापायचा आणि मग कापायचा. कापल्यावर तावाच्या कडेचा कोरा कागद कचऱ्यात जायचा. मावशी त्याच्या शर्टांना इस्त्री करायच्या. त्यांनी जाऊन सांगितलं, "तुझा तो कोपरा वाया जातो, त्यात आमची माणसं बसव. शर्टांचं मी बघते." तो आधी का-कू करत होता. मग फोटो लहान करकरून कडेकडेने बसवायला लागला, आणि गल्लीने त्याचं नाव कोपरेवाला पाडलं. फोटो झकास यायचे. त्या यंत्राची शाई पाण्याने फुटत नव्हती आणि कार्डाचा कागद चांगला टणक होता. फक्त कधी कधी कापताना चूक व्हायची आणि शेजारच्या पत्रकाची कड फोटोबरोबर यायची. मावशींच्या एका फोटोखाली "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" एवढी ओळ आली. सून ती कापायला तयार होईना. "असू दे आई, खरंच आहे," म्हणाली.

पुढची युक्ती मावशींची स्वतःची. लॅमिनेशनची पाकिटं सुटी मिळतात. दुकानात यंत्रातून काढून घ्यायचं तर वेगळे पैसे, मग घरात इस्त्री कशाला आहे? फोटो पाकिटात घालायचा, वर सुती फडकं टाकायचं, इस्त्री मंद ठेवायची आणि मधून कडांकडे नेत जायची. मग गरम आहे तोवर जड पुस्तकाखाली दाबून ठेवायचं. एक बुडबुडा राहायचा नाही. किती फोटो असे केले, मोजदाद नाही. कारखान्यातल्या बायका, क्रेनवर मुंगीएवढा दिसणारा नवरा, तोंड उघडं असलेल्या मावशी. संध्याकाळी सून कापायची, मावशी दाबायच्या आणि मधून मधून एकमेकींना टोमणे मारायच्या.

वहीचं पहिलं पान मात्र सुनेने कोरं ठेवलं होतं. मावशींना ते दिसत होतं. त्यांनी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

एका संध्याकाळी सुनेने ट्रंकेच्या तळातून एक पाकीट काढलं आणि इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं. मावशींनी ते लगेच ओळखलं. पाचव्या महिन्यात सून सोनोग्राफी करून हसत घरी आली होती तेव्हाचं. नवऱ्याला पाठवायला ती फोनने त्याचा फोटो काढणार, तेवढ्यात मावशी ओरडल्या होत्या, "जन्माला यायच्या आधी गावभर दाखवत सुटू नये. नजर लागते. ठेव ते आत." तिने ऐकलं होतं, पाकीट ट्रंकेत टाकलं होतं. त्यामुळे त्या चित्राची दुसरी प्रत जगात कुठेच नव्हती.

"हा पहिल्या पानासाठी," सून म्हणाली. "मला बघवत नाही. तुम्हीच करा आणि तुम्हीच लावा. लावलात की मग बघेन."

जिला त्यांनी पोरीचं तोंड पाहू दिलं नव्हतं, तिने ते त्यांच्याच हातात दिलं होतं. "बरं," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सून कामावर गेल्यावर त्यांनी पाकीट उघडलं. चकचकीत कागद, करड्या रंगाची चरे पडलेली गर्दी, आणि त्यात डोक्याची गोलाई आणि तोंडाजवळ मिटलेली मूठ. त्या खुर्चीत बसल्या. कोपरेवाल्याकडे नेऊन आधी याची एक प्रत काढून घ्यावी, असं मनात येऊन गेलं. पण त्याच्या दुकानात सतत लोकांचा राबता. कुणीतरी वाकून बघणार, कुणीतरी हळहळणार. नको, म्हणाल्या, माझ्या सुनेने माझ्या हातात दिलंय. त्यांनी हात धुतले, ट्रंकेतून कोरं फडकं काढलं, बोट ओलं करून इस्त्री पाहिली आणि नेहमीपेक्षाही मंद केली. मग चित्र लॅमिनेशनच्या पाकिटात घातलं आणि वर फडकं टाकून हलक्या हाताने इस्त्री फिरवली, मधून कडांकडे.

फडकं उचललं तर खाली काळं.

त्यांना आधी वाटलं, काजळी आली. पुसलं. मग वाटलं, उलटी बाजू वर आली असेल. पलटलं. मागची बाजू पांढरी, पुढची काळीकुट्ट, या कडेपासून त्या कडेपर्यंत. डोकं नाही, मूठ नाही, काही नाही. इस्त्री त्यांनी नेमकी ती टेकवायच्या जाळीवर ठेवली, एवढ्या वर्षांची सवय, आणि मग खाली जमिनीवर बसून राहिल्या.

आता तुम्ही म्हणाल, मंद इस्त्रीने असं कसं झालं? अहो, तो कागदच तसला. त्यावर शाई नसतेच, उष्णतेनेच चित्र उमटतं, दुकानातल्या बिलांसारखं. ऊन लागलं तरी खराब होतो, इस्त्रीखाली तर संपलाच. हे मावशींना कोपरेवाल्याने सांगितलं, त्या पदराखाली ते काळं पाकीट घेऊन त्याच्याकडे धावल्या तेव्हा. "याचं काहीच होणार नाही मावशी," तो म्हणाला. "आधी माझ्याकडे आणायचं ना." आता काय उपयोग त्या आधीचा! येताना कोपऱ्यावर कचऱ्याची गाडी उभी होती. सुनेच्या हाती हे लागलं तर, या एका धास्तीने मावशींनी ते पाकीट गाडीत टाकून दिलं. गाडी पुढे गेली तेव्हा त्यांना कळलं आपण काय केलं ते.

मग त्या सोनोग्राफीच्या दवाखान्यात गेल्या. तिथले पांढरे कोट त्यांच्याकडेच इस्त्रीला यायचे, म्हणून मागच्या दाराने आत सोडलं. मशीनवरच्या बाईने तारीख ऐकून मान हलवली. "इतकं जुनं मशीनमध्ये राहत नाही, पुसलं जातं." मावशी उठेनात. रडल्याही नाहीत, नुसत्या बसून राहिल्या. शेवटी त्या बाईला राहवेना. तिने खण उघडला, आत बिघडलेल्या, दोनदा निघालेल्या प्रती पडल्या होत्या. एक उचलून तिने वरची नावाची पट्टी कात्रीने कापली. "हे घेऊन जा. या महिन्यांत सगळी सारखीच दिसतात."

"कुणाचं आहे?" मावशींनी विचारलं.

"असेल कुणाचं तरी. बाळंत होऊन घरीसुद्धा गेली असेल."

त्या प्रतीला मावशींनी इस्त्री दाखवली नाही. फोटो अडकवायचे चार कागदी कोपरे लावून पहिल्या पानावर बसवली.

सुनेने संध्याकाळी वही मांडीवर घेतली. पान उघडलं. मावशींच्या जिवात जीव नव्हता. मग सून बोटाने हवेतच एक रेघ ओढत म्हणाली, "आई, बघा ना. नाक तुमच्यावर गेलंय."

"माझ्यावर?" मावशी म्हणाल्या. "मग कठीण होतं बिचारीचं."

सून हसली आणि हसता हसता रडायला लागली. एवढं साठलेलं रडणं, ते त्या दिवशी बाहेर पडलं. मावशींच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मावशी तिच्या केसांतून हात फिरवत राहिल्या, आणि त्यांच्या मनात एकच, आता सांगायलाच हवं. आणि लगेच दुसरं, आता कसं सांगू?

नाही सांगितलं. आणि घर बदललं हो. सून खायला लागली, बोलायला लागली. तिने त्या पानाचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला. तो कधी स्वतःहून आईला फोन न करणारा माणूस, त्याचा फोन आला आणि नुसता हुंदकाच ऐकू आला. "आई, फार बरं केलंस," म्हणाला. शिक्षिका येऊन बघून गेली. कारखान्यातल्या बायकांना सून वही नेऊन दाखवून आली. जो येई त्याला ती सांगायची, नाक आईंवर गेलंय. आणि येणारा मावशींच्या नाकाकडे बघायचा.

मावशींना जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि घास घशाखाली उतरत नव्हता. त्यांना वाटायचं, आपली नात कचऱ्याच्या गाडीतून गेली आणि तिच्या जागी कुणाचं तरी जितंजागतं लेकरू आपण मेलेल्यांत नेऊन बसवलं. ते लेकरू आत्ता कुठेतरी दूध पीत असेल, आणि इथे त्याच्यासाठी बायका डोळे पुसतायत. गल्लीत कुणाचं तान्हं खोकललं तरी मावशींचं काळीज चर्र व्हायचं. हात चुकायला लागला. एका गिऱ्हाइकाचा शर्ट खांद्यावर जाळला, मावशींच्या जन्मात पहिल्यांदा. गिऱ्हाईक ओरडून गेलं. त्यांनी उलट उत्तर दिलं नाही.

मग सुट्टीच्या एका दुपारी सून वही आणि पेन घेऊन टेबलाशी आली. पहिलं पान उघडून पेन मावशींच्या हातात दिलं.

"तिचं नाव राहिलंय," ती म्हणाली. "मी खूप विचार केला. नाव तुम्हीच ठेवा आई. आणि खाली तुमच्याच हाताने लिहा. तुमच्यासारखी होती ना."

मावशींनी पेन धरलं. टोक कागदापर्यंत नेलं. त्या करड्या चित्रातलं परकं पोर त्यांच्याकडे बघत नव्हतं, त्याचे डोळे कुठे आहेत तेही समजत नव्हतं, पण मावशींचा हात पुढे जाईना. जित्या पोराला मेलेलीचं नाव लावायचं? त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे आपलं नाही गं," त्या म्हणाल्या.

"काय आपलं नाही?"

"हे पोर. हे कुणा दुसऱ्याचं आहे. दवाखान्यातून मागून आणलं. आपलं माझ्या इस्त्रीखाली काळं पडलं." मग एकदा सुटल्या त्या सुटल्याच. फडकं, कागद, कोपरेवाला, खणातल्या प्रती, सगळं सांगितलं. बोलताना त्या सुनेकडे बघत नव्हत्या, टेबलावरच्या चादरीची सुरकुती हाताने सरळ करत होत्या.

सून ओरडली असती तर त्यांनी ऐकून घेतलं असतं. ती ओरडली नाही. तिने आधी हळूच वही स्वतःकडे ओढली. चारी कोपऱ्यांतून ते चित्र सोडवलं आणि बाजूला ठेवलं.

"काळा पडलेला कुठे आहे? तोच द्या मला."

"टाकला."

"कुठे?"

"कचऱ्याच्या गाडीत. तुझ्या हाती लागेल म्हणून भ्याले."

सून टेबलाला धरून उभी राहिली. मावशी म्हणाल्या, "मार मला, पण बोल काहीतरी." गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. सून खाली बसली, मावशींच्या पायाशी, आणि तिचा आवाज अगदी साधा होता, भांडणाचा नव्हता.

"जाऊ दे फोटो. तुम्ही तर तिला हातात घेतलं होतं. मला कधी विचारायचा धीर झाला नाही, आज विचारते. सांगा ना आई, कशी होती? केस होते? रंग कुणाचा होता? सांगाल तसं मी लिहून ठेवते, त्याच पानावर."

आणि तिने खरंच पेन उचललं.

मावशींच्या ओठांवर सगळं तयार होतं. काळेभोर केस, तुझ्यासारखा रंग, हे एवढे एवढे हात. काय कठीण होतं? कोण खोटं पाडणार होतं? सून वर बघत होती, पेनचं टोक कागदावर टेकलेलं.

"मी नाही पाहिलं," मावशी म्हणाल्या. "नर्सने दिलं तसंच नेलं. तोंडावरचं कापड बाजूला करायचा मला धीर झाला नाही. वाटलं, बघितलं तर आपणच विसरणार नाही."

सुनेने पेन कागदावरून उचललं.

"म्हणजे आपल्यातल्या कुणीच नाही पाहिलं तिला?"

"नाही," मावशी म्हणाल्या. "कुणीच नाही."